गुणाजीची डोल

बाळकुमच्या गुणाजीने पदार्थविज्ञानात सिद्ध केलं होतं ते एवढंच: पदार्थाच्या पातळ थरात कचरा मिसळा, अणू वेडेवाकडे बसवा, कडाक्याच्या थंडीत चुंबकापुढे त्यातली वीज मोजली की येणारा एक पूर्णांक जागचा हलत नाही. किरकोळ खोटींना तो भीक घालत नाही. सगळी घडणच पालटली, तरच बदलतो. यावर त्याचा प्रबंध होता, आणि चारचौघांत तो हे फार तोऱ्यात सांगे.

स्वतःच्या खोटींपुढे मात्र तोरा उतरे. टक्कल पडू लागलेलं, बोलताना अडखळायचा, आणि होडीत बसला की ओकायचा. कोळ्याचा मुलगा! म्हणूनच दिवा गावचे गोमाजी आपल्या लेकीसाठी, शेवंतीसाठी, त्याला पाहायला येणार म्हटल्यावर तो धास्तावला. शेवंती त्याला मनापासून आवडली होती. त्यात त्याच्या बापाने, दामाजीने, निरोप धाडलेला: "आमचा पोर सोता डोल लावंल. त्याचीच मासली खायला या."

डोल म्हणजे खाडीच्या ओढीत ताणून लावायचं पिशवीसारखं लांबलचक जाळं. गुणाजीने ती अंगणात पसरली आणि एकेक भोक शोधून विणत बसला. बोटं सोलवटली, जेवण राहिलं.

"आरं, बारक्या भोकांनी काय व्हत नाय," बाप म्हणाला. पण याला एकही भोक पाहवेना.

ओहोटीला बापलेकांनी धक्क्यालगतच डोल लावली. पाहुणे धक्क्यावर येऊन उभे राहिले तेव्हा गुणाजीने ती ओढली, तर हाताला हलकीच लागली. कोळंबीची मिशीसुद्धा नाही. शेपटाकडचं तोंड, म्हणजे खोला, तो बांधायलाच विसरला होता. पिशवीची नळी झाली होती, आणि अख्खी खाडी एका तोंडाने शिरून दुसऱ्याने निघून गेली होती. गुणाजीला आधी आपला प्रबंध आठवला, मग मरणाची लाज वाटली. जगाला शिकवायला निघालो, ते आपल्याला स्वतःला कधी पटलंच नव्हतं.

"मासली कुठं हाय?" गोमाजींनी विचारलं.

"खो... खोला बांधला नाय."

गोमाजींनी डोल हातात घेतली. नव्याने विणलेली भोकं पाहत गेले आणि हसत सुटले. "येवरी भोकं शिवलीस, आन खोला तसाच?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दामाजीने मान खाली घातली.

मग गोमाजींनीच दोरी घेऊन खोला आवळला. "ही गाठ आमच्या शेवंतीला येते. तिच्याकरून शिकून घे."

"म... मंजे?"

"मंजे आज अंडी शिजवा. लग्नाची मासली आमी आनू."