नवऱ्याचं नाव

नवऱ्याचं नाव विचारलं की आपल्याकडच्या बाया लाजून चूर होतात, हे सत्यशीला सिस्टरला कोणी सांगायला नको होतं. पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेवरच्या एका सरकारी दवाखान्यात तिनं अठरा वर्षं काढली होती. पदर तोंडाशी जातो, मान खाली जाते आणि केसपेपर अडतो. मग सोबतच्या पुरुषाला विचारायचं, लिहायचं, पुढची बाई. रांग दाराबाहेर गेलेली असताना कोण शहाणपणा करत बसतो?

दोन हजार सहाच्या हिवाळ्यातल्या त्या सकाळीही तिनं तेच केलं. तापानं फणफणलेली, उलट्यांनी गळून गेलेली एक पोर बाकावर टेकवून सोबतचा माणूस म्हणाला, "लवकर सुई मारा सिस्टर, बाहेर जीप उभी हाय." सिस्टरनं पोरीला नवऱ्याचं नाव विचारलं. "अमर. मीच नवरा," तोच म्हणाला. "अन् हिचं उर्वशी. वय एकोणीस." सिस्टरनं लिहून टाकलं: उर्वशी, पती अमर.

मागं फरशी पुसणारी आया बसंतीबाई तिच्या कानाशी लागली. "सिस्टर, थे लाजली नाही ना!"

"म्हणजे?"

"नाव घ्याची लाज वाटली तं बाई खाली पाह्यते. हे तं त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. पाढा नाही आला म्हणजे पोट्टं मास्तराकडं पाह्यते ना, तसी."

सत्यशीलानं पेन खाली ठेवलं. सोबतचा माणूस बाजूला काढल्याशिवाय बाईला मारहाणीचं, पळवून आणल्याचं काही विचारायचं नाही, असं प्रशिक्षणात दोन दिवस घोकून घेतलं होतं. तिथलं जेवण चांगलं होतं, तेवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं. स्वतःचाच असा राग आला तिला!

"आतून तपासावं लागते," ती मोठ्यानं म्हणाली आणि पोरीला धरून बाळंतपणाच्या खोलीत घेऊन गेली. तो मागोमाग निघाला, तशी बसंतीबाईनं ओला पोछा दारात आडवा धरला.

"हे बायाची खोली हाय. तुले बाळंत व्हाचं हाय काय?"

रांगेतल्या बाया खो खो हसल्या. तो बाहेरच राहिला.

सलाईन लावता लावता सत्यशीलानं हळूच विचारलं, "नाव घ्याची लाज वाटते, का मालूमच नाही?"

पोर म्हणाली, "मालूम नाही."

मग तिचा बांध फुटला. ती झरीकडची जमनी, वय सोळा. यंदा इकडं कापूस वेचायची मजुरी निम्म्यावर आलेली, म्हणून आदिलाबादकडं वेचणीला नेतो असं सांगून या माणसानं तिला जीपमध्ये बसवलं होतं. वाटेत गळ्यात काळी पोत घातली आणि बजावलं, कोणी विचारलं तर माझी बायको म्हणून सांग. "लगन लावून देतो म्हणते. कोनासंग, थे नाही सांगत."

सत्यशीलानं खुणावलं, तशी बसंतीबाई बादली तिथंच टाकून समोरच्या पोलीस चौकीकडं पळाली. पोलीस येईस्तोवर पोरीला खोलीत ठेवायचं होतं. एकदा जीपमध्ये बसली की ती गेलीच. सत्यशीलानं आतून कडी घातली आणि सलाईनचं चाक फिरवून धार अगदी थेंबावर आणली. तो दारावर धडका देत होता. "बाटली संपू द्या!" ती आतून ओरडत होती. भीती तर होतीच, पण खरं सांगायचं तर तिच्या अंगात उधाणही आलं होतं.

हवालदार पंजाबराव आले, सत्यशीलानं दार उघडलं, तेव्हा तो माणूस तयारच होता. केसपेपर फडकावत म्हणाला, "हे पाहा साहेब. पती अमर. सिस्टरच्याच हातचं हाय."

पंजाबरावांनी वाचलं आणि सुस्कारा सोडला. "सिस्टर, नवराबायकोच्या मधात काहून पडता?"

"चुकीचं लिवलं मी!" सत्यशीला साऱ्या रांगेदेखत ओरडली. "तिले इचारलं अन् याचं उत्तर लिवलं. नोकरी गेली तं जाऊ द्या. आता तिलेच इचारा."

पंजाबराव दारातून वाकले. "पोरी, याचं नाव काय?"

सुई टोचलेला हात छातीशी धरून पोर खाटेवर उठून बसली. "याचं मले मालूम नाही. माहं जमनी हाय."

तो पळाला, पण रांगेतल्या बायांनी त्याला असा धरला की शेवटी पंजाबरावांनाच त्याला सोडवून घ्यावं लागलं. एकीनं तर चप्पलच काढली होती. सत्यशीला हसतही होती, रडतही होती. जिंकलो बाई एकदाचे, असं तिला झालं होतं.

"सिस्टर," जमनीनं तिचा हात ओढला. "जीपमंधी अजून दोघी हायेत."

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं! बाहेर जीप घरघरली. सत्यशीला तशीच अनवाणी धावली आणि दोन्ही हात पसरून जीपच्या तोंडासमोर उभी राहिली. मागून साऱ्या बायांनी रस्ता भरून टाकला. ड्रायव्हर शिव्या देत होता. त्याच्याकडं ढुंकूनही न पाहता ती मागं गेली, ताडपत्री वर केली आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या दोघींना तिनं विचारलं, "तुमचं नाव काय वं माय?"