दादाला विचारून

शोरूममधल्या लाल मोटरसायकलच्या टाकीवरच्या पातळ प्लॅस्टिकखाली हवेचा एक बुडबुडा अडकलेला — ती अंगठ्यानं त्याला कडेकडे सरकवत राहिली, तो निसटत राहिला, आणि विक्रेता मागून जे सांगत होता त्यातलं निम्मंच तिच्या कानांवर पडलं... रोज कामावर न्या, रविवारी ट्रॅकवर न्या, एकाच गाडीत दोन्ही, मॅडम. घरची गाडी अकरा वर्षांची, जड, समजूतदार. ती विकायची नव्हती. ही दुसरी, वेगाची. सकाळी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजताना तिचा आकडा तीनदा चुकला होता, आणि अर्धी रजा टाकून ती उठली होती.

"रंगावर जाऊ नकोस," सोबत आलेला दादा म्हणाला. "लाल गाडीचं हँडल फार खाली आहे. ट्रॅकवर मजा येईल, पण शहरात सिग्नलला थांबून थांबून मनगटं भरून येतील. करडी बघ."

मनगटं... किती सहज म्हणाला. त्याचं स्वतःचं डावं मनगट खिशात होतं. ट्रॅकवर पडल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या हातानं क्लच दाबता येत नव्हता.

"वहिनीला काय सांगून आलास?"

"हाताच्या व्यायामाला जातो म्हणून. खोटं कुठंय? तिथूनच आलोय."

तो हसला, तीही हसली, आणि हसता हसता पुन्हा तिथंच जाऊन पोचली — ट्रॅकवरच्या त्या दिवसात, तिसऱ्या वळणाच्या आधी. चहा पिताना आपणच म्हणालो होतो, दादा, आज तरी मला गाठून दाखव. ज्यानं मला गाडी शिकवली, त्याला. मग मी पुढे, तो मागे; ट्रॅकवर आरसे काढून ठेवतात, त्यामुळे तो पडलेला मला दिसलाही नाही, पुढची अर्धी फेरी मी खुशीत मारली, दादा मागे पडला असं मनातल्या मनात म्हणतसुद्धा होते... हॉस्पिटलच्या बाकावर वहिनीनं विचारलं होतं, हे एवढ्या जोरात गेलेच कसे? आणि ती म्हणाली होती, माहीत नाही.

मग आज त्यालाच का आणलं? गाडीतलं त्याला कळतं म्हणून — असं ती कालपर्यंत स्वतःला सांगत होती. पण त्यानं एकदा, तोंडावर, नको घेऊस म्हणावं, पुरे झालं म्हणावं, यासाठीच तर...

"सर, तुम्ही बसून बघा ना," विक्रेता म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

दादा क्षणभर थांबला आणि करड्या गाडीवर बसला. उजवा हात आपसूक जागेवर गेला. डावा त्यानं खिशातून काढून, एखादी वस्तू ठेवावी तसा, हँडलवर ठेवला.

"तिसऱ्या वळणाला काय सुरेख गेलीस गं त्या दिवशी," तो समोर बघत म्हणाला. "मी मागून बघतच राहिलो. तिथंच माझा ब्रेक उशिरा लागला."

"दादा, चहाच्या वेळी मी म्हटलं होतं... गाठून दाखव."

"असं म्हणाली होतीस?" त्यानं वळून पाहिलं. आठवायचा खरंच प्रयत्न करत होता. मग मान हलवली. "नाही बुवा आठवत. ते जाऊ दे, ही घे. शहरातही त्रास देणार नाही, वळणावर तर नाहीच."

विक्रेत्यानं फॉर्म पुढे केला. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी राग आला — दादाचा, त्याच्या त्या निर्मळ चेहऱ्याचा. दोन वर्षं मी जे कुणाला सांगितलं नाही, ज्याच्यामुळे वहिनीच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही, ते याच्या लक्षातही नसावं? आणि तो पडला तो मला गाठताना नव्हे, माझ्याकडे कौतुकानं बघताना... म्हणजे मग काय? म्हणजे सुटले मी, की आणखीच...

"मॅडम, करडी ना?" विक्रेत्यानं विचारलं.

दादा अजून गाडीवरच बसून होता, उतरायची घाई नसल्यासारखा. तो नको म्हणणार नव्हता. आज नाही, कधीच नाही. हवी की नको हे आता तिचं तिलाच ठरवायचं होतं, आणि इतकी वर्षं सगळं दादाला विचारूनच केल्यावर तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.