धागा नसताना वाजलेला माग

मी एक जुना हातमाग आहे, असं म्हणायची माझी सवय अजून गेलेली नाही. खरं तर आता मी उभा नाही. माझी लाकडं सुटी करून पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहेत. पण मित्रांनो, लाकूड सुटं झालं तरी त्याची आठवण सुटत नाही. माझ्याबद्दल बेळगावच्या वडगावात पुष्कळ काही बोललं गेलं. माझ्या खोलीवरून जाताना बायका पदर डोक्यावर घेऊन पावलं उचलत. ते का, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

माझं लाकूड खानापूरच्या रानातलं. नागोजी नावाच्या सुताराने मला घडवलं आणि वडगावच्या एका अरुंद गल्लीत, अप्पासाहेबांच्या घरातल्या मागच्या खोलीत आणून बसवलं. खोलीच्या जमिनीत कमरेएवढा खोल खड्डा होता आणि त्यावर मी उभा होतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय आत सोडायचा आणि तळाच्या लाकडी पावड्या दाबायचा. वरून दोरी ओढली की धागा वाहून नेणारा धोटा होडीसारखा इकडून तिकडे धावायचा. खट्, खट्. तोच माझा आवाज.

अप्पासाहेबांनी माझ्यावर चाळीस वर्षं साड्या विणल्या. उचगावापासून गुंजीपर्यंतच्या कितीतरी नवऱ्या माझ्यावरची साडी नेसून बोहल्यावर उभ्या राहिल्या. लोक घरी येऊन माझ्या लाकडावरून हात फिरवत. मग अप्पासाहेबांच्या मुलाने, नागेंद्रने, पुढच्या खोलीत विजेवर चालणारे दोन माग आणले. त्यांच्या खडखडाटात मला कुणी विचारेना. एकटे अप्पासाहेब तेवढे रोज दुपारी जेवून यायचे, पाय खड्ड्यात सोडून नुसते बसायचे.

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी ते असेच बसले आणि त्यांनी माझ्या आडव्या लाकडावर कपाळ टेकवलं. ते कपाळ हळूहळू गार होत गेलं. घरच्यांना दिवस मावळल्यावर कळलं. मला आधीच कळलं होतं.

त्यानंतर माझ्यावरचा उरलेला धागा कापून टाकला आणि खोलीच्या दोन्ही दारांना, घरातल्या आणि मागच्या बोळाकडच्या, बाहेरून कडी लागली. सात वर्षं मी अंधारात उभा होतो. खड्ड्यातून ओल वर चढायची. कौलाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप यायची, भिंतीवरून सरकत जायची आणि विझायची. एवढाच माझा दिवस.

मग गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, भर दुपारी बोळाकडच्या दाराची कडी निघाली.

वीज गेली होती. पुढचे माग थांबले की आमची गल्ली अशी काही गप्प होते, की भिंतीवरच्या पालीची चाहूल लागावी. त्या शांततेत एक मुलगी आत आली आणि तिने दार लोटून घेतलं. ती नागेंद्रची मुलगी पूर्णिमा होती. लहानपणी ती आजोबांच्या मांडीवर बसून धोटा धरायला बघायची. आता सोळा वर्षांची झाली होती. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून गल्लीत पेढे वाटले होते, ते मी आतून ऐकलं होतं. पण ही ती नव्हती. केस विंचरलेले नव्हते. डोळे उघडे होते, पण कशाकडे बघत नव्हते. ती माझ्याखाली वाकली, खड्ड्यात उतरली आणि गुडघे पोटाशी घेऊन तळाशी बसली.

ती रडली असती तर मला समजलं असतं. ती रडली नाही. वीज येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मग ती रोज येऊ लागली. कॉलेजला जाते म्हणून निघायची, गल्लीला वळसा घालून मागच्या बोळातून यायची आणि बोळाकडच्या दाराने आत शिरायची. घरात तिचं काय चाललं होतं, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. तिची आई भाग्यलक्ष्मी आधी समजावून बघायची, मग चिडायची.

"ताट तसंच ठेवलीस पुन्हा? काय कमी हाय गं तुला? खायला न्हाय, का ल्यायला न्हाय?"

"भूक न्हाय आई."

"भूक न्हाय, झोप न्हाय, बोलणं न्हाय. चार बायका इचारत्यात मला, पोरगीला काय झालंय म्हणून. मी काय सांगू?"

मग नागेंद्रचा आवाज यायचा. "मोबाईल काढून घे तिचा. आमच्या टायमाला असलं काय न्हवतं. कामाला लागलं की समदं बरं हुतंय."

एकदा पूर्णिमा धीर करून म्हणाली, "पप्पा, मला काय वाटतच न्हाय. आनंद न्हाय, दुःख न्हाय. आत नुसतं पोकळ झाल्यासारखं हाय."

पुढच्या मागांचा खडखडाट चालू होता. नागेंद्र ओरडून म्हणाला, "काय म्हणालीस?"

"काय न्हाय," ती म्हणाली.

त्या दुपारी वीज गेल्यावर खड्ड्यात बसल्या बसल्या तिचा हात वर आला आणि तिने माझी दोरी ओढली. इतक्या वर्षांनी धोटा धावला. खट्. तिने पुन्हा ओढली. खट्. माझ्यावर एकही धागा नव्हता. रिकामा धोटा इकडून तिकडे जात होता आणि काहीच विणलं जात नव्हतं. ती कितीतरी वेळ तेच करत राहिली.

भिंतीपलीकडे भाग्यलक्ष्मीच्या हातातलं भांडं पडलं.

ती धावत आली. घरातल्या बाजूची कडी काढून तिने दार उघडलं. पूर्णिमा तोवर खड्ड्यात पार खाली दबली होती. भाग्यलक्ष्मीला दिसला तो मी, अंधारात एकटा उभा. आणि माझी दोरी अजून हलत होती.

तिने किंकाळी फोडली नाही. तोंडावर हात घेऊन ती मागे मागे सरकत गेली आणि दार ओढून घेतलं.

दोन दिवसांत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं, की अप्पासाहेब परत आलेत. दुपारी वीज गेली की माणसं मुद्दाम कान देऊन उभी राहत. आवाज आला की एकमेकांकडे बघत. नागेंद्रही घाबरला. बापाचं काही राहून गेलं का, कसली इच्छा होती का, असं तो म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरला. कुणीतरी सांगितलं, त्यांच्या नावानं भात ठेव. तेव्हापासून केळीच्या पानावर दहीभात दाराच्या आत सरकवला जाऊ लागला.

मित्रांनो, तो भात पूर्णिमा खायची.

तिला वाढलेलं ताट तसंच परत जायचं आणि मेलेल्या माणसासाठी ठेवलेलं पान ती पुसून खायची. एकदा घास तोंडात ठेवून ती हळूच म्हणाली, "आज्जा, हितं कोण खा खा म्हणत न्हाय." रिकामं पान बघून घरच्यांची खात्रीच पटली. नागेंद्रने माझ्या दारासमोर हात जोडले. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "अप्पा, तुमाला काय पायजे ते सांगा. तुमच्या जिवाला काय त्रास हाय?"

दाराच्या या बाजूला, हातभर अंतरावर, पूर्णिमा ते ऐकत होती. मेलेला माणूस दुःखी आहे, हे तिच्या वडिलांना चटकन पटलं होतं.

त्या दिवसापासून ती बदलली. ती आजोबांशी बोलू लागली. आधी थोडं, मग पुष्कळ. आवाज सपाट असायचा. "आज्जा, मी घरात चालले तरी कुणाला दिसत न्हाय. भात मेलेल्याचा खाते. मग मी बी मेलेलीच, न्हवं?" एका दुपारी तिने कपाळ माझ्या आडव्या लाकडावर टेकवलं. नेमकं त्याच जागी. आणि विचारलं, "तुमच्याकडं येऊ काय?"

मी लाकूड आहे. मला नको म्हणता येत नव्हतं. मला कुणाला हाक मारता येत नव्हती.

नंतरच्या मंगळवारी तिची कॉलेजची परीक्षा होती. आईने तिला हाताला धरून नेऊन सोडलं होतं. त्या दुपारी खोलीत कुणीही नव्हतं. वीज गेली, गल्ली गप्प झाली आणि माझा धोटा वाजला. खट्. थोडा वेळ गेला. पुन्हा खट्. लाकूड उन्हाने तडकतं, दोरी ओलीने आखडते. तसंच असेल. पण माझ्या पावड्यांवर ओळखीचं वजन पडल्यासारखं मला वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

तो आवाज ऐकून नागेंद्रने ठरवून टाकलं. शुक्रवारी एक देवरुषी येणार होता. त्याने आधीच सांगितलं होतं, की माग खोलीतच जाळायचा आणि घरातल्या पोरीलाही बाधा झालेली दिसते, तिला समोर बसवून उतरवायचं.

आणि त्याच आवाजाची बातमी ऐकून रुक्माबाई आल्या.

रुक्माबाई शेजारच्या खासबागेत राहत. अप्पासाहेबांच्या वेळी त्या आमच्याकडे कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर धागा गुंडाळायला, यायच्या. आता पाठीतून वाकल्या होत्या. गुरुवारी दुपारी त्या काठी टेकत आल्या. "कशाला आत जातासा, मावशी?" भाग्यलक्ष्मी म्हणाली. "माझ्या ओळखीचा माणूस हाय त्यो," रुक्माबाई म्हणाल्या आणि एकट्याच आत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. खड्ड्यात पूर्णिमा श्वास रोखून बसली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अप्पा," त्या अंधाराला म्हणाल्या, "उद्या तुमचा माग जाळणार हाईत. म्हणून आज आले. एक बोलायचं राहिलतं. माझं दुसरं बाळतपण झालं तवा मी अशीच झालते बघा. मुलगीला कवेत घ्यावं वाटंना. जगावं वाटंना. सासू म्हणायची, सोंग करत्या. नवरा म्हणायचा, आळशी हाय. दोन वरसं मी जिती न्हवते. समदी म्हणायची, काम कर, काम कर. तुमी एकट्यानं एक दिवस माग थांबवलासा आणि इचारलासा, रुक्मा, आत काय हुतंय गं तुला? मी लई रडले तवा. मग तुमीच घरात भांडून मला मिशनच्या दवाखान्यात धाडलासा. तुमचे उपकार मानायचे राहिलते."

मग माझ्या पायांमधून, जमिनीखालून, बारीक आवाज आला.

"आजी, दवाखान्यात जाऊन बरं वाटलं?"

रुक्माबाईंच्या हातातली काठी पडली. दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. त्यांनीही दाराकडे एकदा बघितलं. मग त्या गुडघ्यांवर आल्या, माझ्याखाली वाकल्या आणि हात खड्ड्याच्या अंधारात घातला. तो हात चाचपडत तिच्या केसांवरून गालावर गेला.

"थंड हाय," त्या पुटपुटल्या. "पर जिती हाय. कोण गं तू? नागेंद्राची पोरगी न्हवं?"

"व्हय."

"वाटलं बाई बरं. लगीच न्हाय, हळूहळू. पर वाटलं." त्यांनी हात काढला नाही. "तुला मरावं वाटतंय काय, बाळ?"

कुणीतरी तिला ते थेट विचारलं होतं. पूर्णिमाने हो म्हणून मान हलवली. आणि मग ती रडली. इतके महिने माझ्यात साचलेली ओल जणू तिच्या डोळ्यांवाटे बाहेर पडली.

रुक्माबाईंनी तिथूनच हाक मारली, "नागेंद्रा! हिकडं ये. तुझं भूत सापडलंय."

नागेंद्र आणि भाग्यलक्ष्मी दारात येऊन थबकले. माझ्याखालून त्यांची मुलगी वर बघत होती. केसांत जाळ्या आणि ओठाला दहीभाताचं शीत. क्षणभर दोघांनाही ती ओळखू आली नाही.

"म्हंजे तूच वाजवत हुतीस?" नागेंद्र संतापला. "सगळ्या गल्लीत आमची इज्जत..."

"गप रं," रुक्माबाई म्हणाल्या. "मेलेल्या बापाला हात जोडून इचारलास, काय त्रास हाय म्हणून. ह्या जित्या पोरीला इचारलास कधी?"



"पप्पा," पूर्णिमा म्हणाली, "मला रोज वाटतंय मरून जावं. मी सोंग करत न्हाय."

भाग्यलक्ष्मी आधी हलली. ती खड्ड्याच्या काठावर बसली, पाय आत सोडले आणि मुलीचं डोकं आपल्या गुडघ्यांवर घेतलं. नागेंद्र उभाच होता. मग तो म्हणाला, "मला कळलं न्हाय गं. अजून बी कळत न्हाय. पर तू म्हणशील तिकडं जाऊया."

निघताना भाग्यलक्ष्मीने दबकत विचारलं, "मंगळवारी बी तूच...?"

"मंगळवारी मी परीक्षेला न्हवते काय, आई?"

भाग्यलक्ष्मीने एकदा वळून माझ्या दोरीकडे बघितलं.

देवरुषीला येऊ नका म्हणून निरोप गेला. दुसऱ्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणाऱ्या त्या बाईंनी आई-बापाला बाहेर बसवून तिचं सगळं ऐकून घेतलं. हा आजार आहे, हट्ट नाही, हे मग दोघांना आत बोलावून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला बोलायला जायचं ठरलं. तिला एकटं ठेवू नका, असं बजावलं. ती लगेच हसू-खेळू लागली, असं मी सांगणार नाही. काही दिवस बरे जात, काही फार वाईट. नागेंद्र अजूनही मध्येच विचारतो, "गोळ्या कधी बंद हुणार?" पण आता तो आधी पुढचे माग बंद करतो आणि मग विचारतो.

तिच्यासाठी मागची खोली मोकळी करायचं ठरलं. भिंत फोडून खिडकी काढली. माझा खड्डा मातीने बुजवला. मला सुटं केलं, तेव्हा पूर्णिमा स्वतः एकेक लाकूड उचलून शेडपर्यंत घेऊन आली. मला वाईट वाटलं. पण त्या खड्ड्यात पुन्हा कुणी बसू नये, असं मलाही वाटत होतं.

मित्रांनो, मी तिचं सगळं ऐकलं. तिच्या घरात सगळ्यांच्या आधी मीच ऐकलं. पण मी तिला एक प्रश्न विचारू शकलो नाही की तिचा हात धरू शकलो नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. आतलं दुःख भिंतींना आणि लाकडांना सांगत बसू नका. जिवंत माणसाला सांगा. पहिल्याने कान दिला नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने हसण्यावारी नेलं तर तिसऱ्याला. आणि तुमच्या घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर त्याच्याशेजारी जमिनीवर बसा आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठू नका.