जाळीशिवायचा पहिला सामना

प्रल्हाद राऊत शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर निर्मळ गावच्या वाडीत केळी बघत स्वस्थ बसायचं सोडून त्यांनी चार वर्षं दारोदार फिरून मुलींच्या बेसबॉलची व्यावसायिक लीग उभी केली. चार संघ, करारावर खेळणाऱ्या मुली, अध्यक्ष ते स्वतः. विरारच्या पहिल्या सामन्याला मैदान भरलं, आणि तिसऱ्याच डावात बॅटला लागून मागे उडालेला एक चेंडू सावित्रीबाईंच्या डोळ्याखाली बसला. सावित्रीबाई सांडोर गावच्या, भाजीचा मळा करणाऱ्या. चेंडू टाकला होता त्यांच्याच लेकीनं, उन्नतीनं.

आता सर दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. आतलं दार हललं की ते मान वर करून बघायचे. डोळा जाईल का, ही एक भीती. तिच्याखाली दुसरी होती, आणि तिची त्यांना लाज वाटत होती: आपलं नाव पुढे येईल का? चित्रीकरणात आड येते म्हणून प्रेक्षकांपुढची जाळी पहिल्या दिवशी नको, असं बैठकीत त्यांनीच ठरवलं होतं.

लीगचा सचिव जितेश कानाशी येऊन कुजबुजला की मांडववाल्यानं जाळी वेळेत आणली नाही, असंच सगळ्यांना सांगायचंय. सरांनी फक्त गप्प राहावं. सर गप्प राहिले. ते इतकं सोपं गेलं, की त्याचीच त्यांना धास्ती वाटली.

समोर उन्नती मळक्या कपड्यांतच बसली होती. उजवा हात तिनं मांडीखाली दाबून धरला होता. ती म्हणाली, "सर, मी आता नाही खेळणार. माझ्याच चेंडूनं आईला लागलं."

जितेशनं सरांचा दंड धरला. तो सोडवून, भिंतीचा आधार घेत ते उठले.

"तुझा काही दोष नाही, बाळ. जाळी नको, असं मी सांगितलं होतं. मीच."

उन्नती उठली आणि दूरच्या बाकावर त्यांच्याकडे पाठ करून जाऊन बसली.

डोळा वाचला, गालाचं हाड मोडलं होतं. पोलिसांपुढेही सरांनी तेच सांगितलं. अध्यक्षपद गेलं, सामने महिनाभर थांबले.

सामने पुन्हा सुरू व्हायच्या आठवड्यात ते सांडोरला गेले. फाटकाशी पाऊल अडलं. परत फिरावं, असं दोनदा वाटलं. ओट्यावर सावित्रीबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या, एका बाजूनं गाल बसलेला.

"बाहेर का उभे, सर? आत या," त्या म्हणाल्या. "राग गेला, असं नाही. पण तुम्ही बोलला नसतात, तर पोरीनं जन्मभर मनाला लावून घेतलं असतं."

उन्नती आतून आली. तिनं बूट घातले, ग्लोव्ह उचलला आणि ती सरावाला निघून गेली. सावित्रीबाईंनी पुढे केलेला तांब्या घेऊन सर ओट्याच्या कडेला बसले.