छज्ज्याखालची जागा

"ठोक आता," असं म्हणून ओळंबा छज्ज्याखाली जाऊन उभा राहिला. हात पाठीमागे, मान ताठ, फोटोसाठी उभं केलेल्या माणसासारखा.

मुकादमानं हातोडा उगारला. मुकादम म्हणजे ओळंब्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. आयुष्यभर दाजींच्या हाताखाली काम केलं, तरी दाजी असे खाली उभे राहिले की तो हातोडा उगारून आधी एकदा वर बघायचा. पण नियम म्हणजे नियम. आपण ओतलेल्या स्लॅबचे टेकू काढताना खाली आपणच उभं राहायचं, हा ओळंब्याचा जन्माचा शिरस्ता. सांगणारे तर सांगतात, एकदा टेकूखालची पाचर निघताच एक स्लॅब खाली यायला निघाला होता. पण खाली ओळंबा उभा दिसला तसा ओशाळून परत वर गेला.

ओळंबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. माणूस उंच, हडकुळा, चालताना किंचित झुलणारा, आणि खिशात कायम भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा आणि दोरी. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यानं बैठकीच्या भिंतीला दोरी लावून पाहिली. भिंत कललेली निघाली. जावयानं सगळं जेवण मान तेवढीच कलती करून केलं. पुढच्या खेपेला गेला तर सासऱ्यानं भिंत नवी बांधून ठेवलेली. मुकादम ही गोष्ट खोटी असल्याचं शपथेवर सांगतो, पण भिंत नवी आहे हे कबूल करतो.

आज मात्र ती गंमत कोणाला आठवत नव्हती. नव्या दवाखान्यासमोर सगळी गल्ली गोळा झाली होती. दवाखाना बांधला होता गल्लीनंच. एका बड्या कंपनीनं हे छोटं काम ओळंब्याकडे सोपवलं, तेव्हा त्यानं एकच हट्ट धरला की हात इथलेच लागतील. गल्लीत कामाविना बसलेली माणसं कमी नव्हती. त्यानं त्यांना थापी धरायला शिकवली, वीट भिजवायला शिकवली, चुकलं की पाडायला लावलं. कंपनीच्या साहेबांनी कपाळाला आठी घालून मान्यता दिली होती: दवाखाना नीट उभा राहिला तर पलीकडच्या शाळेचं कामही याच हातांना, नाहीतर बाहेरची टोळी आणू. उद्या दवाखान्याचं उद्घाटन. राहिला होता तो दारावरचा मोठा छज्जा. नंबर लावून बाकावर बसणाऱ्या आजाऱ्यांच्या डोक्यावर सावली हवी म्हणून भिंतीतून सरळ बाहेर काढलेला, खाली एकही खांब नसलेला.

"काका, बिनधास्त उभे राहा," गर्दीतून सलूनवाला म्हणाला. त्याची जीभ त्याच्या कात्रीइतकीच चालायची. "ओतायच्या दिवशी आम्ही वर अख्खी वरात नाचवलीय. तेव्हा नाही पडला, तर आता काय पडतो? आणि ती तुमची सळयांची जाळी, काय सांगू, गादीसारखी. पाय ठेवला की मऊ खाली."

गर्दी हसली. मुकादमाचा हातोडा पाचरीवर येतच होता.

"थांब," ओळंबा म्हणाला.

तो हळूच बोलला होता, पण मुकादमाचा हात हवेतच अडकला.

ओळंबा वर बघत राहिला. ओतायचा दिवस त्याला आठवला. दोनचार माणसांची गरज होती आणि गल्ली लोटली होती. कोणी दुकान बंद करून आलं, कोणी चुलीवरचं उतरवून आलं, घमेली हातोहात वर चालली होती. एवढ्या माणसांचं ओझं टेकू पेलतील की नाही या काळजीनं तो सबंध वेळ खाली, पाचरी दाबत होता. वर धपधप पावलं वाजत होती. ती पावलं कुठं पडताहेत हे बघायला वर कोणीच नव्हतं.

"छिन्नी दे," तो म्हणाला, आणि शिडी लावून वर चढला.

मुकादम मागोमाग गेला. छज्जा भिंतीला जिथं चिकटतो तिथं ओळंबा उकिडवा बसला आणि टोचू लागला. अशा बिनखांबाच्या छज्ज्यात सळई वरच्या अंगाला असावी लागते. तीच मागून ओढून धरते. बोटाच्या पेराएवढं खरवडलं की दिसायला हवी. पेरभर खोल गेलं. काही नाही. बोटभर गेलं. नुसती खडी. त्यानं जागा बदलली, पुन्हा टोचलं.

"खाली बसलीय जाळी," ओळंबा म्हणाला. "तुडवली गेली."

"दाजी, हळू बोला." मुकादमानं खाली बघितलं. सगळ्या माना वर होत्या. "ऐका माझं. टेकू काढूच नका. गोल पत्रा गुंडाळू, पांढरा रंग मारू, दोन कुंड्या ठेवू. साहेबांना वाटेल खांबच आहेत. उलट म्हणतील, शोभा आली."

"आणि उद्या कोणी पत्रा सोडवून टेकू काढला की?"

"तोवर आपण कुठं असणार?"

"आपण नसू. बाकावर कोणीतरी असेल."

मुकादमानं पुन्हा खाली बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "शाळा जाईल. यांना काय सांगणार? तुम्हीच तुडवलंत म्हणून?"

ओळंब्यानं छिन्नी तिथंच ठेवली आणि शिडी धरली. तो उतरला तेव्हा शिडीशी शिवणवाली उभी होती. ती घरी मशीनवर कपडे शिवायची. सळयांना तार बांधायला ती शिकली ती अशी, की ओळंब्याला तिची गाठ तपासावी लागत नसे. शाळेचं काम मिळणार म्हणून तिनं मशीन दिराकडे देऊन टाकलं होतं.

"काका, माझ्या गाठी सुटल्या का?"

"गाठींना काही झालं नाही, ताई. पाय पडले."

"कोणाचे?"

"छज्जा पाडावा लागणार," ओळंबा गर्दीकडे वळून म्हणाला. "वर फळ्या टाकायला हव्या होत्या, चालायला. मी टाकल्या नाहीत. जाळी खाली गेली. चूक माझी."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला.

"पाडणार म्हणजे? डावा कोपरा माझा आहे. मी ओतलाय."

"मधला भाग आमच्या घरानं घातला. सासू-सून दोघी होतो."

"उद्या पाहुणे येणार आणि आज तोडफोड?"

सलूनवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तरातरा पुढे आला आणि थेट छज्ज्याखालच्या बाकावर जाऊन बसला. "मी इथून हलत नाही. ठोका पाचर. आमच्या हातचं आहे, आमच्या डोक्यावर पडत नाही. बाहेरची टोळी बोलवायची असेल तर सरळ सांगा ना, काका. आमच्या कामाला नावं ठेवून कशाला?"

हे शेवटचं वाक्य लागलं. जे सगळ्यांच्या मनात होतं ते एकानं बोलून टाकलं होतं.

ओळंबा हळूहळू चालत गेला आणि बाकाशेजारी उभा राहिला. हात पाठीमागे बांधले.

"बरं," तो मुकादमाला म्हणाला. "ठोक. बाहेरच्या अंगाचा आधी."

मुकादम हातोडा घेऊन बाहेरच्या टेकूशी आला. पाचर समोर होती. त्यानं दाजींकडे बघितलं, दाजी समोर बघत होते. सलूनवाला बाकाची कड धरून बसला होता, आणि त्याची बोटं पांढरी झाली होती. मुकादमानं हातोडा उगारला, खाली घेतला, पुन्हा उगारला.

शिवणवालीनं त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला.

ती पाचरीकडे गेलीच नाही. पदर खोचून शिडी चढली, वर भिंतीलगत उकिडवी बसली, ओळंब्यानं टोचलेल्या जागी छिन्नी धरली आणि घाव घातला. खाली सलूनवाल्याच्या खांद्यावर धूळ पडली. तिनं दुसरा घाव घातला.

"ऊठ रे बाबा," ओळंबा हळूच म्हणाला. "डोळ्यात जाईल."

सलूनवाला उठला. खांद्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "डावा कोपरा त्यांचा असेल. तो उजवा माझा आहे. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." आणि शिडीकडे गेला.

उन्हं कलली तरी घाव चालले होते. ज्याचा त्याचा तुकडा ज्यानं त्यानं फोडला, खाली टेकू तसेच ठेवून. काँक्रीट निघालं तेव्हा जाळी दिसली, तळाशी चपटी झोपलेली. शिवणवालीनं बोटानं एकेक गाठ चाचपली. एकही सुटली नव्हती.

"मी जास्त नाचलो काय हो?" सलूनवाल्यानं ओळंब्याला विचारलं.

"तू नाचणारच. फळ्या मी टाकायच्या होत्या."

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं, उन्हात. साहेबांनी भिंतीतून बाहेर आलेल्या उघड्या सळयांकडे बघितलं, ओळंब्याचं म्हणणं ऐकून घेतलं, चांगलं केलंत असंही म्हणाले. मग गाडीत बसता बसता म्हणाले, "शाळेचं पुढे बघू." साहेबलोकांचं पुढे म्हणजे कुठं, हे गल्लीला ठाऊक होतं. शाळेवर बाहेरची टोळी आली. शिवणवालीनं दिराकडून मशीन परत आणलं.

छज्जा मात्र गल्लीनंच पुन्हा ओतला. या वेळी जाळीच्या फटींतून विटा उभ्या करून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या, आणि शिडीच्या टोकाशी सलूनवाला पहारेकऱ्यासारखा बसला होता. जो वर येईल त्याला एकच वाक्य. "पाय फळीवर." ओळंबा वर गेला तर त्यालाही तेच ऐकवलं. सांगणारे म्हणतात की एक कावळा जाळीवर बसायला आला, तोही हे ऐकून फळीवर बसला.

टेकू काढायच्या दिवशी ओळंबा घरून जरा उशिरा निघाला. बायकोनं खिशातला ओळंबा चाचपून बघितला. दवाखान्याशी पोचला तेव्हा मुकादम हातोडा घेऊन नुसताच उभा होता.

"काय झालं?"

"जागा बघा," मुकादम म्हणाला.

छज्ज्याखाली गल्ली उभी होती. सलूनवाला, शिवणवाली, डाव्या कोपऱ्याचे, मधल्या सासू-सून, सगळे खांद्याला खांदा लावून, हात पाठीमागे बांधून, मान ताठ. ओळंबा पुढे गेला, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. कोणी सरकेना.

"काका, उन्हात थांबा जरा," शिवणवाली आतून म्हणाली.

तो उन्हात थांबला. इतक्या वर्षांत पाचर निघताना छज्जा बाहेरून कसा दिसतो हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि मुकादमाला मान हलवून खूण केली.