सिलिनचं खानदान

पूर्णा गावातल्या औषधांच्या गोडाऊनात मला अठरा वर्षं झाली. माल मी खोक्याच्या रंगावरून ओळखतो, आजवर एक पेटी चुकलेली नाही. त्यामुळे नवीन फार्मासिस्ट मेघालीने रॅकवर रासायनिक नावांच्या पट्ट्या चिकटवायला काढल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"ही नावं वाचता वाचता हमालांची शिफ्ट संपेल," मी म्हटलं.

"काका, सगळं नाव वाचूच नका. शेपूट बघा. ते औषधाचं आडनाव."

जेवणाच्या सुट्टीत तिने समजावलं. लॅटिनमध्ये छोट्या ब्रशला पेनिसिलस म्हणतात. एक बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली तशी दिसते, म्हणून ती पेनिसिलियम, आणि तिच्यातून निघालं ते पेनिसिलिन. पुढे त्याच्यापासून आणखी औषधं केली, त्यांच्या नावामागेही 'सिलिन' राहिलं. अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन. एकाची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या खानदानातलं काहीच घ्यायचं नाही.

माझा घास हातातच राहिला. माझ्या बायकोचा, चंद्राचा, वीस वर्षांपूर्वी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने घसा सुजला होता. श्वास अडकला, कशीबशी वाचली. तेव्हापासून मी तेवढं एकच नाव जपत आलो. आज सकाळी तिची दाढ ठणकत होती, डॉक्टरकडे जाऊया म्हणत होती. मी मोठ्या ऐटीत कपाटातल्या लाल-पिवळ्या खोक्यातली कॅप्सूल काढून दिली. म्हटलं, जेवल्यावर घे, गोडाऊनवाल्याची बायको आहेस तू.

तसाच उष्ट्या हाताने रॅककडे गेलो. तेच लाल-पिवळं खोकं उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत अमॉक्सिसिलिन.

फोन लावला तर नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, तरी तेच. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"जेवलीस?"

"आता हात धुतले. गोळी घ्यायची ऱ्हायलीय."

"ती गोळी घेऊ नको. आधी फेकून दे."

"का? सकाळी तर चांगली हाय म्हनलात."

मेघाली समोर उभी होती, दोन हमाल कान देऊन ऐकत होते. मला लाज वाटली, पण भीती जास्त होती.

"मी चुकलो, चंद्रा. त्या इंजेक्शनच्याच जातीची आहे ती. तू मेली असतीस."



"घरी या," ती म्हणाली. "डाक्टरकडं जाऊ. आनि आता बोल्लात तसंच त्याला सांगा, तुमच्या तोंडानं. मी न्हाय सांगनार."