फाटक उघडलं का?

त्या आठवड्यात लॉरेल रेमपेलला संघाच्या मुक्कामाच्या घरात सरळ चालणं मुश्कील झालं होतं. दात घासायला निघावं तर न्हाणीघराच्या दारात तेओ हात वर करून उभा. "मार टाळी!" तिने मारली की तो मागे वळून बोंब ठोकायचा, "लागली रे! उघडलं फाटक!" स्वयंपाकघरात गास्पार पॅनकेक उलटता उलटता कालथाच पुढे करायचा. "यावर मार. हुकलीस तर मेपलचा पाक विसर." ती मारायची, हसायची आणि पॅनकेक कसाबसा खाली ढकलायची.

चिडवायचं, हीच त्या घरातली माया होती. ल्यूजवाल्यांना दुसरी कुठली येतच नाही. उताणं पडून, पाय पुढे आणि डोकं मागे टाकून, बर्फाच्या पन्हाळीतून मोटारीपेक्षा जोरात खाली जाणारी माणसं ती. त्यांनी एकमेकांना जवळ घेऊन अश्रू पुसावेत अशी अपेक्षा कुणी करू नये.

झालं होतं ते असं. सांघिक शर्यतीत आधी मुलगी उतरते, मग पुरुष, मग एकाच स्लेडवर, म्हणजे घसरगाडीवर, झोपलेली जोडी, इथे तेओ आणि गास्पार. शेवटच्या रेषेवर, मार्गाच्या मधोमध, वरून एक पॅड लोंबत असतो. खाली पोचणाऱ्याने झोपल्या जागेवरून उठून त्याला फटका मारायचा. फटका बसला की वर डोंगरावरचं फाटक उघडतं आणि पुढचा निघतो. नाही बसला तर फाटक बंद ते बंदच, आणि अख्खा संघ बाद. दोन आठवड्यांपूर्वी जर्मनीत लॉरेल आयुष्यात घसरली नव्हती इतकी सुरेख घसरली. रेषेच्या बाजूच्या फलकावर हिरवे आकडे झळकत होते. हिरवे म्हणजे सगळ्यांत पुढे! तिने मान वळवून पाहिलं. फक्त पाहिलं. आणि पॅड डोक्यावरून निघून गेला.

वर फाटकाशी, स्लेडवर बसून, रेटा घ्यायचे दोन्ही बाजूंचे दांडे धरून ब्राम वाट बघत होता.

तो दुसरा कुणी असता तर एक वेळ चाललं असतं. लॉरेलचं स्वतःचं ऑलिम्पिक पक्कं होतं. एकेरीतली तिची जागा कुणी हलवणार नव्हतं. जागा नव्हती ती ब्राम ओस्टरहोफला. छत्तीस वर्षांचा गडी, सगळे त्याला आजोबा म्हणायचे. गेल्या खेपेला डोळ्याची पापणी लवायलाही जास्त वेळ लागेल एवढ्याशा फरकाने तो घरी राहिला होता. आता कॅनडाचा संघ एका तरी सांघिक शर्यतीत पहिल्या आठांत आला तर संघाबरोबर तोही जाणार. नाही आला तर त्याने स्लेड भिंतीला टांगायचा. आणि आता शर्यत उरली होती एकच, इथली, व्हिसलरची, घरची.

शर्यतीच्या दिवशी सकाळच्या सरावात लॉरेलने पॅडला असा फटका हाणला की तो झोके खात राहिला. ती हात उंचावून कोचकडे बघते तर कोच रुथचा चेहरा लोणच्यासारखा.

"कुठे उठलीस?"

"रेषेपाशी."

"रेषेपाशी? अगं, शेवटच्या वळणातून बाहेर पडलीस ती बसलीसच उठून, जसा काही तुझा बसस्टॉप आला! सगळा वारा छातीवर घेतलास. या वेळात आपण अकरावे येऊ."

"पण पॅड लागला ना, कोच."

"लागला! मिरवणूक काढू? अकरावं येऊन फाटक उघडलं काय आणि नाही उघडलं काय, ब्राम घरीच."

लॉरेलने हेल्मेट काढून काच पुसली. मग हळूच म्हणाली, "माझ्या हेल्मेटच्या काचेवर चिकटपट्टी लावू का? एका बाजूने? म्हणजे फलक दिसायलाच नको."

"आंधळी कोशिंबीर खेळायचीय का तुला?" रुथ ओरडली खरी, पण लगेच तिच्या पाठीवर पंजा ठेवून म्हणाली, "हे बघ. डोळ्यांनी नको, या पाठीने ओळख. वळण सुटलं की पाठीखालचा दाब जातो. तेव्हा मोजायचं. एक, दोन, हात. एकाला उठलीस तर वारा अंगावर घेशील, वेळ जाईल. तिनाला उठलीस तर..."

"माहितेय."

"हं."

ब्राम गॅरेजमध्ये स्लेडच्या पोलादी पात्या घासकागदाने घासत होता. लॉरेल दाराशी घुटमळली. त्याने वर न बघताच म्हटलं, "आत ये किंवा दार लाव. थंडीला बोलावू नकोस."

ती आत येऊन उलट्या बादलीवर बसली.

"जर्मनीत वर काय झालं माहितेय?" ब्राम म्हणाला. "फाटक बंद. तिथला माणूस म्हणतो, उठा आता. मी म्हटलं, थांबा हो, पोरगी येतेच आहे, वाटेत काहीतरी खरेदी करत असेल."

लॉरेल हसली. मग तिच्याने हसवेना.

"आजोबा, तू मला एकदा शिव्या घाल ना."

"घालीन की. शर्यत झाल्यावर. यादी तयार आहे. आत्ता घातल्या तर तुझा हात थरथरेल आणि नुकसान माझंच. मी फार स्वार्थी माणूस आहे, पोरी."

त्याने पातीवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा घासू लागला. ती पाती केव्हाच आरशासारखी झाली होती.

दुपारी डोंगरावर ढग उतरले. कठड्यापाशी लोक लाल-पांढरे झेंडे घेऊन ओरडत होते, गाईच्या गळ्यात असतात तसल्या घंटा वाजवत होते. सुरुवातीच्या जागेवर लॉरेलने दोन्ही दांडे धरले. मागे, पुढे, मागे... आणि तिने स्वतःला बर्फावर झोकून दिलं. हातमोज्यांच्या काट्यांनी बर्फ ओरबाडत ती आडवी झाली, आणि मग आभाळाच्या एका करड्या पट्टीशिवाय जगात काही उरलं नाही.

वरची वळणं लोण्यासारखी गेली. डावा खांदा दाबायचा, उजवी पोटरी, पुन्हा खांदा. तिला वाटलं, जमतंय! आणि असं वाटलं ना, की ल्यूजवर लगेच त्याची किंमत मोजावी लागते. खालच्या एका वळणातून ती जराशी उशिरा सुटली आणि स्लेड भिंतीला थडकला. एकदाच, पण खांद्यापासून घोट्यापर्यंत सगळं शरीर झणझणलं. वेग गेला. तिला तो जाताना कळला, जसं बादलीला भोक पडल्यावर पाणी जाताना कळतं.

आता लवकर उठणं संपलं. आता एक केसभरही वारा अंगावर घ्यायची सोय उरली नव्हती.

शेवटचं वळण. पाठीखाली दाब, दाब, दाब, सुटला. एक. डावीकडे कुठेतरी फलक होता. हिरवा होता की लाल, देव जाणे. मान वळायला बघत होती, अगदी खाज सुटावी तशी. तिने दात आवळले. दोन. ती सगळ्या पोटाच्या बळावर वर उसळली आणि हात फेकला.

बोटांना काहीतरी लागलं. तळहाताला नाही, बोटांच्या टोकांना. मोज्याचा एक काटा कशात तरी अडकला आणि मधलं बोट उलटं ओढलं गेलं. मग ती पुढे गेलीच होती, थांबायच्या चढावर, पाय बर्फात रोवत.

लागला का? एवढ्याने उघडतं का?

ती स्लेडवरून उतरली ती गुडघ्यांवरच. घंटासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. लॉरेलच्या डोळ्यांसमोर फक्त एक बंद फाटक होतं आणि त्यामागे दांडे धरून बसलेला, विनोद सुचत नसलेला ब्राम.

मग कर्णा खरखरला. "मार्गावर आहे... ब्राम ओस्टरहोफ!"

ती बर्फावर आडवी पडली आणि लहान पोरासारखी हमसून हमसून रडली. बोट सुजून टम्म झालं होतं, त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

ब्राम असा खाली आला की लोक कठड्यावर चढले. तेओ आणि गास्पारही चुकले नाहीत. चौघे फलकाखाली गोळा झाले, आणि फलकावर नाव आलं: कॅनडा, सहावे.

सहावे! गास्पारने उडी मारली, पण ब्रामने त्याच्या दंडाला धरलं. "खाली ये. तीन संघ राहिलेत. तिघेही आपल्यापेक्षा भारी आहेत."

पहिला उतरला. कॅनडा सातवे. दुसरा उतरला. आठवे. राहिला लॅटव्हिया. लॅटव्हियावाले लहानपणापासून शाळेला दप्तर नेतात तसे स्लेड घेऊन हिंडतात, ते कसले चुकणार! ब्रामने हेल्मेटचा पट्टा सोडला, बोटं केसांतून फिरवली आणि उगाचच म्हणाला, "बर्फ मस्त होता आज."

भिंतीला मी थडकले, लॉरेलच्या मनात आलं. ती लागली नसती तर आज आपण सातवे असतो आणि हा माणूस केस विंचरत उभा नसता.

लॅटव्हियाची पहिली मुलगी निघाली. डागनिया. लॉरेल तिला ओळखत होती. गरम पाण्याच्या रांगेत दोघी पुढे-मागे उभ्या असायच्या. फलकावर तिचे आकडे हिरवे, पुन्हा हिरवे. लॉरेलने कठडा घट्ट धरला. तिचे ओठ हलत होते. काय म्हणतोय आपण हे तिला ऐकू आलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, तरी ओठ थांबेनात.

"चुकव. चुकव. चुकव."

डागनिया वळणातून तिरासारखी सुटली. एक. दोन. तीन. हात वर आला, रिकाम्या हवेतून फिरला, आणि पॅड जागच्या जागी लोंबत राहिला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग तेओ किंचाळला. गास्पार रडत रडत फ्रेंचमध्ये काहीबाही बडबडत होता, रुथ कोच आपली टोपी पायाखाली तुडवत होती, आणि ब्राम, कधी कुणाला जवळ न घेणारा ब्राम, लॉरेलला उचलून गरागरा फिरवत होता. "आठवे! पोरी, आठवे! आता घालतो बघ शिव्या, ऐक!"

त्याच्या खांद्यावरून लॉरेलला चढ दिसत होता. तिथे डागनिया उभी होती, हातमोजा डोळ्यांसमोर धरून, जणू चूक मोज्याची होती. वर डोंगरावर त्यांचा माणूस अजून बसलेला असेल.

"खाली ठेव मला," लॉरेल म्हणाली.

"का गं? रडतेस कशाला? जिंकलो आपण!"

"ठेव ना, आजोबा."

ती चढाकडे गेली खरी, पण काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. डागनियानेच आधी हात पुढे केला. त्या खेळात तसं करतातच, जिंकणाऱ्याला आणि थोडक्यात बचावलेल्यालाही. लॉरेलने सुजलेल्या बोटाचा हात दिला आणि डागनियाने तो जपून धरला. याचा तर आणखीच त्रास झाला.

"तू जर्मनीत चुकवलास ना," डागनियाने विचारलं, "मग झोप कधी लागायला लागली?"

"अजून नाही लागली."

डागनियाने मान हलवली, जशी पुढच्या गाडीची वेळ कळल्यावर आपण हलवतो. "बरं," ती म्हणाली, स्लेड खांद्यावर टाकला आणि आपल्या माणसांकडे चालू लागली. तिकडून कुणीच तिच्याकडे येत नव्हतं.

मी म्हणत होते, चुकव. हे वाक्य लॉरेलच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. मागून ब्राम हाका मारत होता, फोटोसाठी, आणि त्याचा आवाज इतका तरुण तिने कधीच ऐकला नव्हता. ती वळली आणि जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.